उत्तर कुठंय ते आधी सांगा!

लाँग वीकेंड आला की आमच्या हापिसातली निम्मी जनता मालवणला पळते. तारकर्ली, सिंधुदुर्ग किल्ला, सुरमईची थाळी, सोलकढी आणि स्कूबा. सोमवारी कॅन्टीनमध्ये फोटो फिरतात: तोंडात रेग्युलेटर, भोवती पिवळे-काळे मासे आणि मागून सिलिंडर धरून उभा असलेला एक सावळा हात. फोटो क्रॉप करताना हा हात कापून टाकायची पद्धत आहे. :)

त्या हाताबद्दल माझी काही तक्रार नाही. पहिल्यांदा पाण्यात उतरणाऱ्या माणसाला तो हात हवाच. त्याने होकायंत्राचा विचार करू नये, श्वास घ्यावा, मासे बघावेत, वर यावं. आजचं भांडण त्या लोकांशी नाही.

भांडण आहे पुढच्या पायरीवरच्या लोकांशी. ज्यांनी चार दिवस देऊन रीतसर 'ओपन वॉटर'चा कोर्स केला, अठरा मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर जायचं कार्ड खिशात घातलं, नेत्राणी झालं, गोव्याचं ग्रांद बेट झालं, आता अंदमानचं बुकिंग चालू आहे. यांच्याकडे स्वतःचा मास्क आहे, फिन्स आहेत, पाण्याखालचा कॅमेरा आहे. आणि होकायंत्र? त्यावर दोनच उत्तरं मिळतात. एक, "गाईड असतो ना!" दोन, "कॉम्प्युटरमध्ये असतं ना!"

दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. पाण्याखाली जाणाऱ्या प्रत्येक कार्डधारी माणसाच्या मनगटावर स्वतःचं, वेगळं, बॅटरी नसलेलं होकायंत्र असलं पाहिजे आणि ते नीट निवडून नीट बांधलेलं असलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. आता का ते सांगतो.

"गाईड असतो ना!"

असतो. पण कोकणातलं पाणी म्हणजे मालदीव नव्हे. पावसाळ्यात तर डायव्हिंग बंदच असतं, आणि उरलेल्या महिन्यांतही पाणी कधी दहा मीटरपर्यंत स्वच्छ असतं, कधी दोन-तीन मीटरच्या पुढे नुसता हिरवा धूर. गाईडला पाच माणसं सांभाळायची आहेत. तुम्ही दगडाखालचा लायनफिश बघायला अर्धा मिनिट थांबलात की त्याच्या पिवळ्या फिन्स गायब. नियम सोपा आहे: एक मिनिट शोधा, नाही सापडला तर सावकाश वर या. पण वर कुठे? वर पर्यटकांच्या बोटी आहेत, मच्छीमारांच्या होड्या आहेत, फिरते पंखे आहेत. आपल्या बोटीच्या नांगराच्या दोरीजवळ वर येणं आणि भलत्याच बोटीच्या वाटेत वर येणं यात फार मोठा फरक आहे.

थोडं गणित करू, आपला धंदाच तो. समजा बोट तुमच्यापासून शंभर मीटरवर आहे आणि दिशा पाच अंशांनी चुकली. शंभर मीटर पोहून झाल्यावर तुम्ही बोटीपासून साधारण नऊ मीटर बाजूला असता. दहा अंशांनी चुकली तर सतरा मीटर. पाणी तीन मीटर स्वच्छ असेल तर दोन्ही वेळा नांगराची दोरी दिसणार नाही. आणि हे होकायंत्र बघून पोहणाऱ्याचं झालं. नुसत्या अंदाजाने पोहणारा सरळ जातच नाही, हळूहळू एका बाजूला वळत जातो, आणि आपण वळतोय हे त्याला कळतही नाही.

उलट कोकणात होकायंत्रवाल्याला एक सोय फुकटात मिळते. आपला किनारा ढोबळमानाने उत्तर-दक्षिण आहे, समुद्र पश्चिमेला. म्हणजे सगळं विसरलात तरी पूर्व, ९० अंश, हा आकडा जमिनीकडे नेतो. बोटीवरून उडी मारण्याआधी किनाऱ्याकडे होकायंत्र धरून आकडा बघून ठेवायचा. दहा सेकंदांचं काम. ते करणारे लोक किती, तर... असो.

"कॉम्प्युटरमध्ये असतं ना!"

हे उत्तर खास आपल्या जमातीचं. पगार झाला, डाईव्ह कॉम्प्युटर घेतला. शिअरवॉटर, गार्मिन, नाहीतर २०२२ पासून आलेलं ॲपलचं अल्ट्रा घड्याळ. या सगळ्यांत डिजिटल होकायंत्र असतं, आणि ते चांगलं असतं हे मी आधीच कबूल करतो. हात थोडा तिरका धरला तरी ते आतल्या आत हिशोब करून बरोबर दिशा दाखवतं, आकडा मोठा आणि ठळक दिसतो, जायची दिशा साठवून ठेवता येते. साध्या होकायंत्रात यातलं बरंच नाही.

पण मला सांगा, सर्व्हर डिझाईन करताना डेटाबेस, बॅकअप आणि मॉनिटरिंग तिन्ही एकाच डब्यात ठेवलं तर रिव्ह्यूमध्ये काय होईल? उभं सोलतील. इथे तुम्ही खोली, वेळ, डीकॉम्प्रेशनचा हिशोब आणि दिशा, चारही गोष्टी एका बॅटरीवर टांगल्या आहेत. तो डबा बंद पडला की डाईव्ह तिथेच संपवून वर यायचं असतं, आणि नेमकं त्याच क्षणी बोट कुठल्या बाजूला आहे ते कळायला हवं असतं. ज्या वेळी दिशा सगळ्यात जास्त हवी, त्याच वेळी ती जाणार. अशा डिझाईनला आपण हापिसात काय म्हणतो ते इथे लिहीत नाही.

शिवाय डिजिटल होकायंत्राला कॅलिब्रेशन लागतं. बॅटरी बदलली की पुन्हा करा. किती जण करतात? फोनमधलं होकायंत्र "आठचा आकडा काढून हलवा" म्हणतं तेव्हा आपण सगळे काय करतो ते आठवा. तेलात तरंगणाऱ्या तबकडीला अपडेट लागत नाही, चार्जर लागत नाही. ती बिघडते तेव्हाही डोळ्यांना दिसेल अशी बिघडते: अडकते, बुडबुडा येतो, तेल गळतं. डिजिटल आकडा चुकीचा असला तरी तितक्याच आत्मविश्वासाने झळकत असतो.

तेव्हा कॉम्प्युटरमधलं होकायंत्र वापरा, जरूर वापरा. पण दुसऱ्या मनगटावर साधं असू द्या. कॉम्प्युटरला जे पैसे मोजता त्याच्या एका कोपऱ्यात ते बसतं.

निवडताना

दुकानदार डायल अंधारात कसा चमकतो ते दाखवेल. तुम्ही पुढच्या गोष्टी बघा.

एक, तिरकं धरलं तर चालतं का? पाण्याखाली हात कधीच टेबलासारखा सपाट राहत नाही. होकायंत्र थोडं थोडं तिरकं करत जा आणि तबकडी कधी अडकते ते बघा. जरा कललं की अडकणारं होकायंत्र शोकेसमध्ये ठेवायला बरं. सुंटो कंपनीची एसके मालिका डायव्हर लोकांत इतकी वर्षं टिकून आहे ती मुख्यतः याच गुणावर.

दोन, बाजूची खिडकी. वरून बघण्याऐवजी समोरच्या छोट्या खिडकीतून थेट आकडा वाचता आला पाहिजे. म्हणजे होकायंत्र डोळ्यांच्या पातळीला धरून पुढे बघत पोहता येतं, मान खाली घालून नाही.

तीन, फिरती कडी. ती टकटक करत फिरली पाहिजे. ढिली असेल तर बाहीला घासून तुमची लावलेली दिशा बदलून जाईल आणि तुम्हाला पत्ता लागणार नाही. घट्ट असेल तर हातमोजे घालून फिरणार नाही.

चार, आणि ही गोष्ट कुणीच सांगत नाही, होकायंत्र कुठल्या प्रदेशासाठी तोललेलं आहे? पृथ्वीची चुंबकीय ओढ आडवी नसते, तिरकी असते. लंडनला ती साठ अंशांहून जास्त खाली कललेली आहे. आपल्या कोकणात तीसपेक्षाही कमी. आणि भारताच्या अगदी दक्षिण टोकाजवळून तर चुंबकीय विषुववृत्तच जातं, तिथे हा कल शून्य. (अग्निबाण सोडायला थुंबा निवडलं गेलं ते याचसाठी, तिथून पहिला अग्निबाण २१ नोव्हेंबर १९६३ ला उडाला.) युरोपसाठी केलेल्या होकायंत्रात उत्तर टोक खाली झुकू नये म्हणून दक्षिण बाजूला थोडं वजन घातलेलं असतं. ते इथे आणलं की ओढ कमी आणि वजन तेवढंच, त्यामुळे दक्षिण बाजू खाली बसते. तबकडी आधीच कललेली, त्यात तुमचा हात तिरका, झालं, अडकली. कंपन्या उत्तर आणि दक्षिण गोलार्धासाठी वेगवेगळी होकायंत्रं काढतात ती याच कारणाने. ऑस्ट्रेलियातल्या भावाने स्वस्तात पाठवलेलं होकायंत्र मालवणात बांधण्याआधी हे तपासा.

तपासणी सोपी आहे. होकायंत्र सपाट ठेवा आणि बाजूने बघा. तबकडी आडवी दिसते का? इथल्या जमिनीवर ती थोडी कललेली चालेल, पण कडेला टेकायच्या बेतात असेल तर नको. एक चांगली बातमीही आहे: आपल्याकडे चुंबकीय क्षेत्राची आडवी ओढ लंडनच्या जवळपास दुप्पट आहे. म्हणजे नीट तोललेलं होकायंत्र इथे तिथल्यापेक्षा जास्त चटपटीत फिरतं.

बांधताना

निवडण्यापेक्षा जास्त गोंधळ इथे होतो. होकायंत्र चांगलं घ्यायचं आणि ते जॅकेटला दोरीने लोंबकळत ठेवायचं, किंवा प्रेशर गेजच्या होजला जोडलेल्या कन्सोलमध्ये घालायचं, ही सर्रास पद्धत आहे. माझा आक्षेप साधा आहे. होकायंत्र वाचायचं म्हणजे त्याची मधली रेघ आणि तुमचा कणा एका रेषेत पाहिजेत. होजच्या टोकाला लटकणारी वस्तू हातात धरून तुम्ही ती सरळ धरली आहे असं फक्त समजता. वरच्या गणितातले दहा अंश नेमके इथून येतात.

मनगटाची पद्धत अशी. होकायंत्र डाव्या मनगटावर, घड्याळासारखं. उजवा हात सरळ पुढे लांब करा आणि डाव्या हाताने उजव्या हाताचं कोपर धरा. होकायंत्र आपोआप चेहऱ्यासमोर येतं आणि त्याची मधली रेघ, घड्याळातल्या सहापासून बारापर्यंत जाणारी, सरळ पुढे बघते. हाताची चौकट झाल्यामुळे ती डगमगत नाही. पुढे केलेला उजवा हात गढूळ पाण्यात दगड आधी शोधतो, डोकं नंतर. ज्या हातावर होकायंत्र आहे तोच हात पुढे लांब करणारेही महाभाग असतात. मग रेघ पुढे न बघता बाजूला बघते, आणि माणूस नव्वद अंश चुकीच्या दिशेने अगदी अचूक पोहत जातो.

डावंच मनगट का? कारण जॅकेटची हवा सोडायची नळी डाव्या खांद्यावर असते. वर येताना डावा हात तिच्यावर असतो, तेव्हा खोली आणि वेळ दाखवणारा कॉम्प्युटर मोकळ्या उजव्या मनगटावर बरा. आणि चौकट केली की दोन्ही यंत्रांमध्ये आपोआप एका हाताच्या लांबीचं अंतर पडतं.

हे अंतर महत्त्वाचं आहे. किती, ते आपल्याच इतिहासात बघा. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं घेतली जात होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरात विजेच्या ट्राम येणार हे ठरलं. ट्रामच्या विजेने मोजमापं बिघडणार म्हणून सगळा चुंबकीय विभाग १९०४ मध्ये अलिबागला हलवला, अचुंबकीय दगडांच्या इमारती बांधून. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकत्र नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांचा मेळ बसावा. विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. म्हणजे ट्राम यायच्या तीन वर्षं आधी त्या लोकांनी खाडीपलीकडे बिऱ्हाड हलवलं! अलिबागच्या नोंदी आजही भारतीय भूचुंबकत्व संस्थेमार्फत चालू आहेत. आणि आपण? होकायंत्राशेजारी स्टीलचा चाकू बांधतो, त्याच मनगटावर कॉम्प्युटर चढवतो, आणि हातात धरतो तो टॉर्च, ज्याच्या बटणातच चुंबक असतं.

घरी एक प्रयोग करा. होकायंत्र लाकडी टेबलावर ठेवा. कॉम्प्युटर, चाकू, टॉर्च, कॅमेरा एकेक करून दुरून जवळ आणा आणि तबकडी कुठे हलते ते पट्टीने मोजा. तेवढं अंतर अधिक थोडं, एवढं पाण्यात पाळायचं. जोडीदाराचं होकायंत्रही मोजा. दोन होकायंत्रं शेजारी आली की एकमेकांना ओढतात. सिलिंडर ॲल्युमिनियमचं असेल तर काळजी नाही, स्टीलच्या सिलिंडरला चिकटून वाचू नका. आणि बुडालेल्या जहाजाजवळ होकायंत्रावर विश्वासच ठेवू नका. ग्रांद बेटाजवळच्या बुडीत जहाजावर हे बघायला मिळतं. आता नौदलातून २०२४ मध्ये निवृत्त झालेलं गुलदार हे जहाज सिंधुदुर्गात समुद्रतळाशी ठेवायची योजना आखली गेली आहे, तेव्हा हा धडा आपल्या दाराशी येणार. दिशा जहाजापासून लांब असताना घ्यायची.

आता पट्टा. प्लास्टिकचा भोकांचा पट्टा बोटीवर घट्ट वाटतो. पण वेटसूटच्या कापडात हवेचे बुडबुडे असतात. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे दबतात, बाही पातळ होते आणि पट्टा सैल. होकायंत्र फिरून मनगटाच्या खाली जातं. यावर उपाय म्हणजे इलॅस्टिकची जाड दोरी, जिला बंजी म्हणतात. ती ताणून बांधलेली असल्याने बाही पातळ झाली की आपोआप आवळते. दोन वेगवेगळ्या दोऱ्यांनी, वेगवेगळ्या गाठींनी बांधा. एक तुटली तरी होकायंत्र जात नाही. हेही आपल्याला नवीन सांगायला नको, नाही का?

परत आल्यावर गोड्या पाण्यात बुडवून कडी फिरवत धुवा, नाहीतर मीठ धरून कडी अडकते. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर वाळत घालू नका. आणि लॅपटॉपच्या बॅगेत, फोनच्या चुंबकवाल्या कव्हरशेजारी तर मुळीच ठेवू नका. ताकदवान चुंबकाशेजारी राहिलं तर होकायंत्राची उत्तर-दक्षिण चक्क उलटी होऊ शकते.

समुद्र लांब आहे? उत्तम.

शेवटचा आक्षेप नेहमीचा: "आम्ही वर्षातून दोनदा समुद्रावर जातो, सराव कधी करणार?" हा आक्षेप मला सगळ्यात पोकळ वाटतो, कारण मी मूळचा परतूरचा. जालना जिल्हा. मालवण तिथून सरळ रेषेत जवळपास पाचशे किलोमीटर. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, आणि पोहणं म्हणजे पाठीला भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून काकाने दिलेला धक्का. पण होकायंत्र शिकायला परतूर हे मालवणपेक्षा आणि हिंजवडीपेक्षा चांगलं ठिकाण आहे, हे मी गावाभिमानाने नाही, कारण देऊन सांगतो. फ्लॅटच्या स्लॅबमध्ये सळया असतात, गच्चीवर सळया, खाली पार्किंगमध्ये गाड्या. तिथे होकायंत्र खोलीगणिक वेगळं उत्तर देतं. रिकामं काळं रान मात्र मोकळं असतं. रेल्वेच्या रुळांपासून, विजेच्या खांबांपासून आणि ट्रॅक्टरपासून लांब जायचं, उघड्या काळ्या दगडावर होकायंत्र टेकवायचं नाही (आपल्या दख्खनच्या दगडात थोडं चुंबकत्व असतं), हातात धरायचं.

बांधाजवळ एक खूण ठेवा. डोक्यावरून टॉवेल असा घ्या की होकायंत्र आणि पाय एवढंच दिसेल. एक दिशा धरा, मधली रेघ तिकडे करा, आणि फिरत्या कडीवरची खाच उत्तरेच्या टोकावर आणा. चौकट करून शंभर पावलं चाला. मग कडीला हात न लावता जागेवर फिरा, उत्तरेचं टोक खाचेच्या बरोबर समोरच्या बाजूला येईपर्यंत. परत शंभर पावलं. टॉवेल काढा. खुणेपासून सतरा पावलं लांब असाल तर दहा अंश चुकलात. चार पावलांच्या आत यायला लागलात की चौकोन करून बघा, प्रत्येक कोपऱ्यावर नव्वद अंश. पुढच्या कोर्समध्ये पाण्याखाली हेच करायला लावतात. शेजारच्या शेतातले लोक हसतील. हसू द्या.

रानात एक गोष्ट मात्र शिकता येत नाही: प्रवाह. होकायंत्र तुम्ही कुठे तोंड करून आहात ते सांगतं, तुम्ही कुठे चालला आहात ते नाही. माणूस आरामात मिनिटाला वीसेक मीटर पोहतो. अर्ध्या नॉटचा आडवा प्रवाह मिनिटाला पंधरा मीटर नेतो. म्हणजे तोंड बोटीकडे असलं तरी प्रत्यक्ष वाट पस्तीसहून जास्त अंशांनी बाजूला. म्हणून जाताना प्रवाहाच्या विरुद्ध जायचं, येताना प्रवाहाबरोबर, आणि वाळूवरच्या लाटांच्या रेघा, खोली, उन्हाची बाजू हे सगळं होकायंत्राबरोबर वाचायचं. होकायंत्र म्हणजे जादू नव्हे. पण त्याच्याशिवाय बाकीच्या खुणा जोडायला आधारच नाही.

आपण लोक पत्ता शोधायला फोन काढतो, फोन डावीकडे म्हणाला की डावीकडे वळतो, आणि स्वतःच्या घरातली उत्तर कुठली ते विचारलं तर गोंधळतो. जमिनीवर ते खपतं, रिक्षावाल्याला विचारता येतं. बारा मीटर पाण्याखाली कुणाला विचारणार? तिथे तुमचा जोडीदार तुमच्या भरवशावर असतो आणि तुम्ही त्याच्या. दोघेही गाईडच्या भरवशावर असतील तर ती जोडी कसली, दोन सामानाचे डाग झाले.

तेव्हा पुढचं बुकिंग करण्याआधी होकायंत्र घ्या, तपासा, दोन दोऱ्यांनी डाव्या मनगटावर बांधा, आणि टॉवेल घेऊन रानात जा.